इंधनाची भाववाढ : जोखीम कोणाची, लाभ कोणाचा?



महावितरणच्या वीजबिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात आणि त्यांच्याच पंक्तीत ‘इंधन समायोजन आकार’ नावाचा एक रकाना असतो. बिल भरणारा बहुधा तळाची एकूण रक्कम पाहतो, सुस्कारा टाकतो आणि कागदाची घडी करून ठेवतो. परंतु देशाच्या ऊर्जाधोरणाचा विचार करू इच्छिणाऱ्याने ग्रंथालयाची पायरी चढण्यापूर्वी या एका रकान्यापाशी थांबावे. त्याचा अर्थ सरळ आहे. कोळसा महाग झाला, तो बोटीने आणावा लागला किंवा रेल्वेचे भाडे वाढले, तर तो वाढीव खर्च वीज निर्माण करणारा सोसणार नाही, वितरण करणाराही सोसणार नाही. तो ग्राहकाच्या बिलात उतरणार. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा वीजकेंद्रांनी देशी कोळशात दहा टक्क्यांपर्यंत परदेशी कोळसा मिसळावा, असे केंद्र सरकारने सांगितले. हा परदेशी कोळसा देशी कोळशाच्या कित्येक पट महाग होता. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने वीज नियमांत दुरुस्ती करून इंधनाचा वाढीव खर्च दरमहा आपोआप ग्राहकाकडे वळता करण्याची वाट मोकळी केली. टंचाई खाणीच्या नियोजनातील चुकीने झाली, रेल्वेच्या की वीजकेंद्रांच्या, याचा निकाल लागला नाही. बिल मात्र लागले.

ऊर्जेचा प्रश्न म्हटला की चर्चा होते ती साठ्यांची, मेगावॅटची आणि तंत्रज्ञानाची. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न वेगळा आहे. इंधनाचा भाव वर जातो तेव्हा तो भार कोणाच्या डोक्यावर बसतो, आणि तो खाली येतो तेव्हा सुटलेला पैसा कोणाच्या पदरात पडतो? गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात वाचला, तर कोळसा आणि तेलाकडून सूर्य आणि वाऱ्याकडे चाललेल्या आजच्या वाटचालीत कोणता धोका दडला आहे, हे दिसू लागते.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत ११-१२ डॉलरवर गेला. भारतात त्याच सुमारास दुष्काळ आणि महागाई यांनी सामान्य माणूस पिचला होता. रॉकेलच्या रांगा लागत होत्या आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. त्या काळात राज्यसंस्थेने दिलेले उत्तर आज मुद्दाम आठवायला हवे. कोकिंग कोळशाच्या खाणी १९७२ साली आणि उरलेल्या १९७३ साली राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. एस्सो, बर्मा-शेल, कॅलटेक्स या परदेशी तेल कंपन्या १९७४ ते १९७७ या काळात सरकारने ताब्यात घेतल्या. सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखालील इंधन धोरण समितीने १९७४ साली तेलाचा वापर जेथे पर्यायच नाही तेथे मर्यादित ठेवून देशी कोळशावर भर देण्याची दिशा दाखवली. त्याच वर्षी मुंबईच्या समुद्रात तेल सापडले, १९७६ साली ‘बॉम्बे हाय’चे उत्पादन सुरू झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल देशातच निघू लागले. आज आयातीचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दशकाच्या कामगिरीचे मोल कळते.

ते सुवर्णयुग होते, असे कोणी समजू नये. राष्ट्रीयीकरण झाले म्हणून खाणीतला मृत्यू थांबला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये सरकारी व्यवस्थापनाखालील चासनाळाच्या खाणीत पाणी घुसून ३७० हून अधिक कामगार बुडाले. स्वस्त रॉकेल गरिबाच्या स्टोव्हपेक्षा डिझेलच्या टाकीत अधिक जिरले, हेही लपलेले नाही. धनबादच्या कोळसा माफियांना राष्ट्रीयीकरणाने धक्का बसला नाही, उलट काहींचे फावले. पण एक तत्त्व त्या व्यवस्थेत होते. जागतिक बाजारातला हादरा थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू न देता मधे एक सार्वजनिक बांध असावा, हे ते तत्त्व. प्रशासित किमती आणि तेल समायोजन खाते ही त्या बांधाची नावे.

हा बांध टप्प्याटप्प्याने फोडला गेला. एप्रिल २००२ मध्ये प्रशासित किमतींची पद्धत औपचारिकरीत्या संपली. जून २०१० मध्ये पेट्रोलचा आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोपवला गेला. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. यात काँग्रेसचे सरकार आणि भाजपचे सरकार असा भेद करण्याचे कारण नाही. दोघांनीही युक्तिवाद एकच केला : भाव बाजाराबरोबर वर जाईल, तसा बाजाराबरोबर खालीही येईल.

खाली आला का? २०१४ च्या मध्यास पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्या खाली घसरले. या दीड वर्षात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरील अबकारी शुल्क नऊ वेळा वाढवले. पुन्हा २०२० च्या टाळेबंदीत जगभर तेलाला गिऱ्हाईक उरले नाही, अमेरिकेच्या वायदेबाजारात एप्रिलमध्ये एक दिवस भाव शून्याच्या खाली गेला, तेव्हा आपल्याकडे मे महिन्यात पेट्रोलवरील केंद्रीय शुल्क लिटरला ३२ रुपये ९८ पैसे आणि डिझेलवरील ३१ रुपये ८३ पैसे झाले. केंद्राला पेट्रोलियम पदार्थांवरील अबकारी शुल्कातून २०१४-१५ साली सुमारे १ लाख कोटी रुपये मिळाले होते, ते २०२०-२१ साली ३ लाख ७० हजार कोटींच्या घरात गेले. पुढल्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत पेट्रोल शंभरीपार झाले.

खनिज तेलावर कर नको, असे कोणी जबाबदार समाजवादी म्हणणार नाही. तेल आयात करावे लागते, त्याच्या धुराने शहरे काळवंडतात आणि पृथ्वीचे तापमान वाढते. तेव्हा ते स्वस्त असू नये, हे मान्यच आहे. प्रश्न कराच्या रकमेचा नाही, त्याच्या वाटेचा आहे. डिझेलवरचा कर एस.टी.च्या तिकिटात, भाजीच्या भावात आणि शेतकऱ्याच्या नांगरटीत शिरतो. तो मोटारवाल्याइतकाच मोलमजुरी करणाराही भरतो. ज्या काळात तो वाढत गेला त्याच काळात, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. शिवाय वाढवलेले शुल्क मुख्यतः उपकर आणि विशेष अधिभार या रूपांत होते आणि त्यांतला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. लिटरमागे ज्या मूळ शुल्कात राज्यांचा हिस्सा होता, ते पेट्रोलच्या बाबतीत नंतर अवघे १ रुपया ४० पैसे उरले. गरिबाने भरायचे, राज्यांनी पाहायचे आणि केंद्राने ठेवायचे, असा हा तिहेरी व्यवहार आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि भाव पुन्हा भडकले. नंतर ते उतरले, सवलतीतल्या रशियन तेलाचा वाटा आपल्या आयातीत एक-तृतीयांशाच्या वर गेला; पण मे २०२२ ते मार्च २०२४ पर्यंत पंपावरचा भाव जवळजवळ जागचा हलला नाही. रोज बदलणारा भाव अशा वेळी कसा गोठतो, हे बाजाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तीन सरकारी तेल कंपन्यांना २०२३-२४ साली मिळून ८० हजार कोटी रुपयांहून अधिक नफा झाला. या कंपन्यांनी आधीच्या वर्षी तोटा सोसला होता, हे खरे, आणि सार्वजनिक कंपनीचा नफा हा खाजगी नफ्याहून वेगळा, हेही खरे. पण ग्राहकाच्या संरक्षणासाठी त्यातून एखादा निधी उभा राहिला असता, तर त्या युक्तिवादाला वजन आले असते.

स्वयंपाकाच्या गॅसची कथा याहून बोलकी आहे. मे २०१६ मध्ये बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. चुलीच्या धुराने डोळे आणि फुप्फुसे गमावणाऱ्या स्त्रियांच्या हाती गॅस देणे हे चांगलेच काम होते, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु जोडणी देणे वेगळे आणि सिलिंडर परवडणे वेगळे. मे २०२० पासून घरगुती गॅसवरचे अनुदान व्यवहारात बंद पडले; रेशनच्या रॉकेलचे अनुदान २०१६ पासून थोडे थोडे कमी करत याच सुमारास संपवण्यात आले. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत सिलिंडर ११०३ रुपयांवर गेला. उज्ज्वलाच्या लाभार्थींना २०२२ पासून दोनशे आणि २०२३ पासून तीनशे रुपयांचे साहाय्य मिळू लागले, तरी २०२२-२३ साली त्यांच्याकडे वर्षाला सरासरी चार सिलिंडरही भरले जात नव्हते. वर्षाचे उरलेले महिने चूल पेटत होती. गॅसही महाग आणि रॉकेलही गेलेले, अशा घरातल्या बाईला इंधनाचे स्थित्यंतर उलट्या दिशेने करावे लागले : गॅसकडून सरपणाकडे.

जोखीम खाली ढकलण्याची ही रीत दिल्लीने शोधून काढली, असे मात्र नाही. महाराष्ट्राने तिचा संपूर्ण अभ्यासक्रम दाभोळला पैसे भरून पुरा केला आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही म्हणून १९९३ साली जागतिक बँकेने त्याला कर्ज नाकारले, तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात वीज मंडळाने खरेदी करारावर सही केली. करारातली मेख अशी की, वीज घ्या अथवा न घ्या, क्षमतेचा आकार द्यावाच लागेल. तो डॉलरशी बांधलेला. आणि इंधनाचा भाव वाढला तर तोही मंडळाच्या खात्यावर. म्हणजे रुपया घसरण्याची जोखीम महाराष्ट्राची, नाफ्था महागण्याची जोखीम महाराष्ट्राची, मागणी न वाढण्याचीही महाराष्ट्राची. कंपनीची जोखीम कोणती, हे शोधावे लागे. १९९५ साली हा करार अरबी समुद्रात बुडवू म्हणणारे सत्तेवर आले, त्यांनी तो रद्द केला आणि १९९६ साली अधिक मोठ्या प्रकल्पासाठी पुन्हा केला. गुहागर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी आणि वेलदूरच्या मच्छीमार स्त्रीपुरुषांनी विरोध करून मार खाल्ला, तुरुंग पाहिला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत, मे २००१ मध्ये, या विजेचा भाव न पेलल्याने मंडळाने खरेदी थांबवली. माधव गोडबोले समितीने त्याच्या आदल्या महिन्यात करारातील दोष उघड्यावर मांडले होते. रस्त्यावरचे कार्यकर्ते तेच सात वर्षे सांगत होते. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

दाभोळची आठवण आज काढण्याचे कारण आहे. सूर्य आणि वारा यांना इंधन लागत नाही. नाफ्था महागला, रुपया घसरला, सुएझ बंद पडला, तरी चालत्या सौर प्रकल्पाच्या विजेचा खर्च वाढत नाही. जे राष्ट्र आपले बहुतांश तेल बाहेरून आणते, त्याला याहून मोठे स्वातंत्र्य दुसरे नाही. राजस्थानातील भडला येथे मे २०१७ च्या लिलावात सौर विजेचा भाव युनिटला २ रुपये ४४ पैसे निघाला, तो नव्या कोळशाच्या विजेहून स्वस्त होता. तेव्हा खनिज इंधनाकडून दूर जाणे हे पर्यावरणवाद्यांचे खूळ नसून महागाईवरचा सर्वांत टिकाऊ उपाय आहे, हे डाव्या विचाराच्या माणसाने निःशंकपणे म्हणावे. अडचण पुढे आहे. ज्या विजेला इंधन नाही तिचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच होतो. म्हणजे तिची किंमत हे मुख्यतः भांडवल, त्याचे व्याज आणि जमीन यांचे दुसरे नाव आहे. भांडवल कोणाचे, व्याज कोणत्या दराने आणि जमीन कोणाची, एवढे तीन प्रश्न विचारले की सौर ऊर्जेचे राजकारण समजते. सरकारला खाजगी कंपनीपेक्षा स्वस्त कर्ज मिळते. मग पंचवीस वर्षांचे खरेदी करार करून खाजगी उद्योजकाला बाजाराची हमी द्यायची, पण मालकी मात्र सार्वजनिक ठेवायची नाही, याचे आर्थिक समर्थन दुबळे आहे. शिवाय सौर पत्र्यांच्या कच्च्या मालाच्या जागतिक उत्पादनाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग चीनमध्ये आहे. आखाती देशांवरचे परावलंबन सोडून दुसरे पत्करायचे नसेल, तर ही साखळी देशात उभी करावी लागेल, आणि तेथेही अनुदाने कोणाच्या हाती जातात हे पाहावे लागेल. पाटण तालुक्यातील वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या काळात पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवून प्राप्तिकर वाचवण्याची सोय होती. काही पाती विजेपेक्षा करबचतीसाठीच अधिक फिरली, असे म्हणण्याची पाळी तेव्हा जाणकारांवर आली होती.

जमिनीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या वाफेवर, म्हणजे कोळशावर चालत. सह्याद्रीच्या पावसापासून होणारी वीज हा तेव्हाचा स्वच्छ पर्याय होता. पाण्याला त्या काळी ‘पांढरा कोळसा’ म्हणत. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांची भातशेती पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह झाला. सेनापती बापटांनी त्यासाठी दीर्घ कारावास भोगला. धरण झाले, भिऱ्याची वीज मुंबईला गेली, मावळा मात्र हद्दपार झाला. कोयनेच्या धरणग्रस्तांची प्रकरणे तर पुढची कित्येक दशके कचेऱ्यांतून रेंगाळली. स्वच्छ ऊर्जा म्हणजे न्याय्य ऊर्जा नव्हे, हा धडा मराठी माणसाला कोणी परदेशी अहवालातून शिकवण्याची गरज नाही.

आज जमीन संपादण्याऐवजी भाड्याने घेण्याची रीत आली आहे, आणि ती निश्चित सुधारणा आहे. कर्नाटकातील पावगडा येथे २०५० मेगावॅटच्या सौर उद्यानासाठी सुमारे १३ हजार एकर जमीन एकरी वार्षिक २१ हजार रुपये भाड्याने घेतली गेली. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला हा व्यवहार तोट्याचा वाटला नाही. पण त्या जमिनीवर मजुरी करणारा, तिच्या बांधावर शेळ्या चारणारा माणूस कोणत्याच करारात नव्हता. त्याला भाडे नाही आणि कामही नाही. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ देऊ केली आहे. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, हा या योजनेचा हेतू. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाताना साप-विंचवाची भीती बाळगणाऱ्या शेतकऱ्याला तिचे मोल वेगळे सांगायला नको. परंतु ही पॅनेले गावच्या गायरानावरही उभी राहतात. गायरान कागदावर सरकारी. प्रत्यक्षात भूमिहीनाची तीच एकमेव ‘शेती’. तेथे ग्रामसभेची संमती, भूमिहीनांच्या सहकारी संस्थेला विजेच्या उत्पन्नात कायमचा हिस्सा आणि पॅनेलांच्या देखभालीचे काम, एवढ्या अटी घालणे अशक्य नाही. ऊस पिकवणाऱ्याने साखर कारखान्याचा मालक व्हावे, असे या राज्याने एकदा ठरवले होते. पुढे त्या कारखान्यांचे काय झाले ही वेगळी शोककथा आहे, पण मुळातली कल्पना चुकीची नव्हती.

शहरांत हाच प्रश्न छपराच्या रूपाने येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पत्रे बसवण्याची केंद्राची योजना आली. बंगलेवाल्याचे बिल शून्यावर येईल. चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला स्वतःचे छप्परच नाही. जास्त वीज वापरणारे सुखवस्तू ग्राहक असे बाहेर पडले की तारा, खांब आणि उपकेंद्रे यांचा खर्च उरलेल्यांवर पडेल आणि बिलावरचा स्थिर आकार वाढेल. सामुदायिक सौर केंद्रात भाडेकरूलाही वाटा मिळण्याची सोय झाल्याशिवाय, आपल्या घरावरची वीज शेजाऱ्याच्या खिशातून आली, असे होणार.

राहिला कोळसा. २०२४-२५ साली देशात प्रथमच शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-खनिज झाली, अशी घोषणा झाली. पण प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेतला सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोळशाचाच आहे. उद्याच खाणी बंद होतील, अशी भीती घालणारे आणि तसे स्वप्न पाहणारे, दोघेही वास्तवापासून दूर आहेत. पण दिशा ठरलेली आहे, आणि चंद्रपूरसारख्या जिल्ह्याने तिची तयारी आज करायला हवी. तेथे २९२० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे आणि घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, सास्तीच्या खाणी आहेत. त्या वीजकेंद्राची राख आणि धूर जिल्ह्याने सोसला, वीज राज्याने वापरली. कोळशाच्या वाहतुकीवर रेल्वेच्या प्रवासी भाड्याची स्वस्ताई उभी आहे, हेही विसरता येत नाही.

या तयारीसाठी पैसा नव्हता असे नाही. २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, तो २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्यांतले ३० हजार कोटींहून कमी त्या नावाच्या निधीत गेले आणि प्रत्यक्ष कामावर सुमारे १६ हजार कोटी खर्ची पडले. पुढे हा उपकर जीएसटीच्या भरपाईत विरघळला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द होऊन कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कोळसा क्षेत्रांच्या भविष्यासाठी राखून ठेवता आली असती अशी एवढी मोठी रक्कम वर्षानुवर्षे जमली आणि सर्वसाधारण खर्चात वाहून गेली. कोल इंडियाच्या हजेरीपटावर नव्वदच्या दशकात सहा लाखांहून अधिक माणसे होती, ती २०२४ पर्यंत सव्वादोन लाखांच्या आसपास आली. खाणीतली माती उपसण्याचे आणि कोळसा वाहण्याचे बरेचसे काम आता कंत्राटदाराची माणसे करतात. कायम कामगाराला भविष्यनिर्वाह निधी आहे, निवृत्तिवेतन आहे, बोलायला संघटना आहे. कंत्राटी डंपरचालकाचे नाव कंपनीच्या यादीत नाही. खाण ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी त्याची नोकरी गेली, याची नोंद करायलाही कोणाकडे वही असणार नाही. ती वही उघडण्याचे काम चंद्रपूर, नागपूर आणि यवतमाळच्या कामगार संघटनांनी या वर्षीच हाती घ्यावे. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरून नावे उतरवून घ्यायला ना कायदा आडवा येतो, ना निधी लागतो.